जुन्या नंबरावर येणारा कोड

तेल कंपनीने रॉयल्टीच्या तपशिलाचा कागद पोस्टाने पाठवणं बंद केलं आणि आर्डिस टॉलेफसनच्या घरातली शांतता गेली. पैसे बँकेत जमा होत होते, त्यात खंड नव्हता. पण तिच्या नवऱ्याला, लाइलला, पैशांपेक्षा कागद प्यारा. आपल्या जमिनीखालून किती तेल उपसलं आणि कसल्याकसल्या नावाखाली किती वजावट केली, हे तो दर महिन्याला लाल पेन्सिलीने तपासायचा आणि पुढचा आठवडाभर मजेत चिडलेला असायचा. आता चिडायला कागद उरला नाही, तेव्हा तो आर्डिसवर चिडू लागला.

"सगळं ऑनलाइन दिसतं आता," असं म्हणत तिने भाचीचा जुना लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला. "नाव तर टाकून बघ."

नाव टाकलं. दिसलं एवढंच, की खात्रीसाठी कंपनी फोनवरून एक कोड सांगणार आहे. तोही नोंदलेल्या नंबरावर. तो नंबर घरातल्या जुन्या फोनचा, आणि तो फोन गेल्या हिवाळ्यात बंद करायची अक्कल लाइलचीच.

कंपनीतली बाई फोनवर फार गोड बोलली. "नंबर बदलता येईल की, सर! त्यासाठी तुमच्या जुन्या नंबरावर एक कोड येईल."

आर्डिसने जुना नंबर लावून पाहिला.

"मार्लिस ब्यूटी पार्लर!"

आर्डिसने फोन ठेवला. लाइलचं लग्न आधी मार्लिसशी ठरलं होतं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अंगठीसुद्धा झाली होती. मग चर्चच्या सहलीत लाइलला आर्डिस भेटली. मार्लिस मिनॉट शहरात निघून गेली, ती थेट यंदाच्या वसंतात परतली, पार्लर थाटायला. आणि फोन कंपनीने तिला नेमका लाइलने सोडलेला नंबर दिला होता.

"मेलो तरी तिची पायरी चढणार नाही," लाइल म्हणाला. दोन दिवस त्याने कळ काढली. मग टोपी चढवली आणि निघाला.

बेत साधा होता. आर्डिसने घरी लॅपटॉपवर कोड मागवायचं बटण दाबायचं, पार्लरात फोन वाजला की लाइलने कोड ऐकून तिला मोबाइलवर सांगायचा. फक्त लाइलला नीट ऐकू येत नव्हतं, हे बेतात धरलं नव्हतं.

"सात म्हणालास की आठ?"

"मी काय म्हणालो?"

"तेच विचारतेय ना मी!"

चुकीचे आकडे टाकून टाकून खातं दुसऱ्या दिवसापर्यंत बंद पडलं. दुसऱ्या दिवशीही तेच. लाइलचा पिकअप रोज पार्लरच्या दारात उभा राहू लागला. त्याच्या डोक्यावर एकही केस नव्हता, त्यामुळे गावाने जो अर्थ काढायचा तो काढला.

पास्टरची बायको सोल्वेग लिंबाच्या गोड वड्यांचा डबा घेऊन आली. "आर्डिस, मन मोकळं करावंसं वाटलं तर मी आहे हं."

"अगं, तो कोड आणायला जातो तिथे."

"हो गं, हो." सोल्वेगने तिचा हात दाबला. "सुरुवातीला सगळ्याजणी असंच काहीतरी सांगतात."

त्या संध्याकाळी आर्डिसने फर्मान काढलं. "उद्या तू घरी बस आणि बटण दाब. मी जाते."

दुसऱ्या दिवशी तिने पार्लरचं दार ढकललं. मार्लिसने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि खुर्ची पुढे ओढली. "फोन वाजेल तेव्हा वाजेल. तोवर केस धुऊन देते, बस."

गरम पाणी डोक्यावर पडलं.  फेस काढता काढता मार्लिस म्हणाली, "तुझ्यापायी मी फार रडले होते गं. वर्षानुवर्षं."

"आणि आता?" आर्डिसने विचारलं.

"आता?" मार्लिसने तिच्या केसांवर टॉवेल गुंडाळला. "आठवडाभर रोज तो इथे बसून मला वजावट समजावून सांगतोय." तिने ड्रायर जवळ ओढला. "आर्डिस, तू हे चाळीस वर्षं ऐकतेस?"

"सेहेचाळीस."

मार्लिसने तिच्यासाठी कॉफी ओतली, वर क्रीम घातलं आणि तिला ड्रायरखाली बसवलं. तेवढ्यात फोन वाजला. मार्लिसचा हात रिसीव्हरकडे गेला.

"राहू दे," आर्डिस डोळे मिटत म्हणाली. "केस कुठे वाळलेत अजून!"