सेतुमाधवरावांचं आयरिश

आमचे घरमालक सेतुमाधवराव यांनी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी 'हो' आणि 'नाही' हे दोन शब्द टाकून दिले. काशीला जाऊन आलेली माणसं एखादी भाजी नाहीतर फळ सोडतात, तसे यांनी हे शब्द सोडले, तेही काशीला न जाता. कारण विचारलं की सांगायचे, आयरिश भाषेत हे दोन शब्दच नसतात. तिथे 'कॉफी घेतलीस का' असं विचारलं तर नुसतं 'हो' म्हणून सुटका होत नाही, 'घेतली' असं क्रियापद उच्चारून कबूल व्हावं लागतं. अशा भाषेत खोटं बोलायला जड जातं, असं त्यांचं मत होतं.

मी मूळची सांगलीची. बँकेने बदली केली म्हणून तंजावूरला आले आणि राजवाड्यामागच्या एका गल्लीत त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. खाली सेतुमाधवराव एकटेच राहत. वीज खात्यातून निवृत्त झालेले, पत्नी अंबुजाबाई चार वर्षांपूर्वी गेलेल्या, मुलगा चेन्नईला. आमची खरी ओळख झाली ती मात्र घरात नाही, बँकेत. पेन्शनीसाठी दरवर्षी आपण जिवंत असल्याचा फॉर्म भरून द्यावा लागतो. त्यात 'हयात आहात काय' या प्रश्नापुढे होय आणि नाही असे दोन चौकोन होते. सेतुमाधवरावांनी दोन्ही चौकोन खोडून बाजूला तमिळमध्ये 'आहे' असं लिहिलं होतं. खिडकीवरच्या मुलीने फॉर्म परत केला, त्यांनी तो पुन्हा तसाच दिला. शेवटी प्रकरण माझ्या टेबलावर आलं. माझ्यासमोर उभा असलेला माणूस जिवंत आहे याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती, तरी चौकोनात खूण हवी होती. ती अखेर मी केली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्यांच्या वतीने खोटी साक्ष दिली.

त्यांना आयरिश कसं लागलं, ही गोष्ट ते स्वतःच सांगत, आणि न हसता सांगत. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दोन महिने पडून राहायचं होतं. मुलाने टीव्हीला परदेशी मालिका दाखवणारं काहीतरी जोडून दिलं आणि तो चेन्नईला निघून गेला. सेतुमाधवरावांनी रिमोटवरचं पहिलं बटण दाबलं आणि जे लागलं ते पाहायला सुरुवात केली. समुद्रकाठचं एक गाव, दगडी कुंपणं, सतत पाऊस, आणि एका शेतावरून भांडणारे दोन भाऊ. पंधरा दिवस त्यांची समजूत होती की ही माणसं इंग्रजीच बोलताहेत आणि आपले कान गेलेत. खाली इंग्रजी अक्षरं उमटत, ती बहिऱ्यांची सोय असावी असं समजून ते वाचत राहिले. सोळाव्या दिवशी काठी टेकत कानाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने सगळ्या तपासण्या करून सांगितलं की या वयात इतके चांगले कान मी पाहिले नाहीत. तेव्हा कुठे त्यांना संशय आला की दोष भाषेत आहे.

दुसरा कुणी असता तर त्याने बटण बदललं असतं. यांनी वही घेतली.

वही तमिळ अक्षरांतली. या गल्लीत मराठी बोलणारी घरं अजून सात-आठ आहेत, भोसल्यांच्या काळापासूनची, पण देवनागरी वाचणारं माणूस शोधावं लागतं. तेव्हा आयरिश शब्द तमिळ लिपीत उतरले. आता तमिळ लिपीत प आणि ब यांना अक्षर एकच. आयरिशमध्ये 'पॉ' म्हणजे पगार आणि 'बॉ' म्हणजे बुडून मरणं. वहीत दोन्ही एकसारखे. त्यामुळे मालिकेतला धाकटा भाऊ समुद्रात बुडाला तेव्हा सेतुमाधवराव तीन भाग या समजुतीत होते की त्याचा थकलेला पगार मिळाला. चष्मा दुरुस्तीला गेला होता, खालची अक्षरं दिसत नव्हती. सगळं गाव रडत का आहे हे त्यांना कळेना. पण सरकारी नोकरी केलेली असल्यामुळे, पगार फार उशिरा मिळाला की माणसं रडू शकतात, हे त्यांना पटण्यासारखं होतं.

मालिकेवरून भाषा शिकण्याची दुसरी अडचण अशी की मालिकेत जे घडतं तेवढंच बोलता येतं. दीड वर्षात त्यांना 'सातबारा माझ्या नावावर आहे' या अर्थाचं वाक्य येत होतं, 'या मुलाचा बाप कोण' हे येत होतं, 'वकिलाला बोलवा', 'प्रेत घरात आणू नका' आणि 'तुझ्या आईने विष घातलं' हेही अस्खलित येत होतं. पण 'मीठ द्या' येत नव्हतं, कारण त्या गावात कुणी जेवताना मीठ मागितलं नव्हतं. मी एकदा विचारलं की काका, एखादं साधं पुस्तक का घेत नाही. त्यावर म्हणाले, पुस्तकातली माणसं रेल्वे स्टेशनचा रस्ता विचारतात. मला रेल्वेने कुठे जायचं आहे?

त्यांना आवडलेला प्रकार वेगळाच होता. ते मला जिन्यात थांबवून समजावत, की इंग्रजीत माणूस म्हणतो मी दुःखी आहे. म्हणजे माणूस तोच आणि दुःखही तोच. आयरिशमध्ये म्हणतात 'ता ब्रोन ओरम', दुःख माझ्यावर आहे. म्हणजे ते वरून येऊन बसलेलं असतं, कावळ्यासारखं. उडेलही. हे सांगताना त्यांचा चेहरा एखादा मोठा शोध लावल्यासारखा होई आणि माझी बस चुकत असे.

या सगळ्याचा गल्लीला त्रास नव्हता. त्रास पाहुण्यांना होई. महाराष्ट्रातून दर हिवाळ्यात काही अभ्यासू मंडळी येतात. तंजावूरची मराठी अजून जिवंत आहे का, हे त्यांना पाहायचं असतं. दिवाणखान्यात बसतात, 'काका, जरा बोला ना तुमच्या भाषेत' म्हणतात, काका बोलले की एकमेकांकडे पाहून 'किती गोड' म्हणतात, फोटो काढतात आणि जातात. जाता जाता एखादा शब्द सुधारूनही देतात. मी आल्यावर पहिल्याच आठवड्यात मलाही तसं सुधारायची हुक्की आली होती, तेव्हा ते शांतपणे म्हणाले होते, "बाई, तुमची मराठी पुस्तकांत्ली. आमची सैपाकघरांत्ली." त्यानंतर माझ्याशी ते बहुतेक इंग्रजीतच बोलत.

तर एका हिवाळ्यात पुण्याहून एक गृहस्थ आले आणि ध्वनिमुद्रणाचं यंत्र पुढे करून म्हणाले की अगदी जुनं, वाडवडिलांच्या तोंडचं काहीतरी बोला. सेतुमाधवरावांनी डोळे मिटले आणि धीरगंभीर आवाजात चार वाक्यं बोलले. गृहस्थ मोहरून गेले. दोन शब्दांना तर त्यांनी जागच्या जागी भोसलेकालीन दरबारी रूपं ठरवलं आणि तिसऱ्यात त्यांना यादवकाळ ऐकू आला. ते गेल्यावर मी अर्थ विचारला. मृत्युपत्र खोटं आहे, वकील विकला गेला आहे, बैल परत करा आणि पाऊस थांबेपर्यंत कुणी घराबाहेर जाऊ नये. मी पोट धरून हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, त्याने ऐकलं कुठे? त्याने जमवलं.

आणि मग खरोखरची आयरिश बाई आली.

तिचं नाव नोरा. पासष्टीची, निवृत्त नर्स, एकटी देवळं पाहत हिंडत होती. आमच्या बँकेच्या यंत्रात तिचं कार्ड अडकलं. ती पत्ता लिहू लागली आणि आयर्लंड हा शब्द पाहताच माझ्याच्याने राहवलं नाही. माझ्या घरमालकांना तुमची भाषा येते, असं मी सांगितलं. ती म्हणाली, इंग्रजी तर इथे सगळ्यांनाच येतं. मी म्हटलं, इंग्रजी नाही. तिने माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिलं, पण संध्याकाळी कॉफीला यायचं कबूल केलं.

सेतुमाधवरावांना दुपारी फोनवर कळवलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, किती वाजता. मी घरी पोचले तेव्हा ते इस्त्रीची वेष्टी नेसून, कपाळाला गंध लावून वहीची पानं उलटत होते. चेहरा पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला निघाल्यासारखा. काय बोलावं हा प्रश्न होता. एवढ्या विष-वकील-प्रेतांतून त्यांनी त्यातल्या त्यात सभ्य वाक्य निवडलं होतं.

नोरा दारात आली. ते उठून उभे राहिले, हात जोडले आणि सावकाश, एकेक शब्द सांभाळत आयरिशमध्ये बोलले. त्या वाक्याचा अर्थ मला नंतर कळला. तुमच्या घरी जे दुःख कोसळलं आहे त्याबद्दल मला अतिशय वाईट वाटतं.

नोरा लाल झाली. तिने ओठ हलवले, पुन्हा मिटले आणि मग एका दमात एक वाक्य म्हटलं. सेतुमाधवरावांनी लक्ष देऊन ऐकलं. त्यातला एक शब्द त्यांनी लगेच ओळखला, कारण मालिकेतला एक खून तिथेच झाला होता. त्यांनी अदबीने तिला मागच्या अंगणात नेलं आणि संडासाचं दार उघडून दिलं. ती बिचारी गोंधळून आत गेली, दोन मिनिटं उभी राहिली आणि बाहेर आली.

कॉफी पिताना उलगडा झाला. नोरा शाळेत बारा-तेरा वर्षं आयरिश शिकली होती. त्यातलं तिच्याजवळ एवढंच उरलं होतं, बाई मी संडासला जाऊ का. वर्गात ते विचारल्याशिवाय सोडत नसत, म्हणून. तिथली बहुतेक माणसं आता इंग्रजीच बोलतात, असं ती ओशाळून सांगत होती. मी हसू दाबत होते. सेतुमाधवराव हसत नव्हते. त्यांनी इंग्रजीत विचारलं, तुमच्या घरात कुणीच बोलत नव्हतं का.

नोराने पेला खाली ठेवला. म्हणाली, आजी बोलायची. आयुष्यभर आमच्याशी मोडकंतोडकं इंग्रजी बोलली. शेवटच्या महिन्यात मात्र तिचं इंग्रजी निघून गेलं. फक्त आयरिश राहिलं. खाटेवर पडून दिवसभर काहीतरी सांगायची, विचारायची. आम्हा कुणालाच नीट कळत नव्हतं. आम्ही माना हलवायचो.

"काय सांगत होती?" सेतुमाधवरावांनी विचारलं.

"माहीत नाही," नोरा म्हणाली. "मी तर नर्स होते. तिला पाणी हवंय की नको, तेसुद्धा मी अंदाजाने ठरवत होते."

सेतुमाधवराव उठले आणि आणखी कॉफी आणतो म्हणून स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ आले नाहीत. मी आत गेले तर ते कॉफीचा डबा हातात धरून खिडकीपाशी उभे होते. शेवटी कॉफी मीच केली.

नोराला कोपऱ्यापर्यंत पोचवून आम्ही फाटकापाशी परतलो. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, की भाषेची फजितीच झाली म्हणायची. ते फाटकाची कडी लावत होते. मुलगा त्यांच्याशी तमिळ बोलतो, नातवंडांना घरची मराठी कळते पण ती उत्तर इंग्रजीत देतात, हे मला ठाऊक होतं. अंबुजाबाईंच्या शेवटच्या दिवसांबद्दल मात्र ते कधी बोलले नव्हते. कडी लावून झाल्यावर ते माझ्याकडे न पाहता त्यांच्या मराठीत म्हणाले, "इस्पितळांत ती सगळें आपल्याच भाषेंत बोलत होत्ती. नर्सेला कळेना. मी सांगट्लं." कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली. "अंबुजाला मी होत्तों."

आणि आत गेले.

त्यानंतर खालून आयरिश ऐकू येईना. आठवडा गेला, दुसराही गेला. मला वाटलं, सोडलं यांनी. माझ्या उत्साहामुळे एका म्हाताऱ्या माणसाचा खेळ मोडला, अशी रुखरुख लागली. एका सुट्टीच्या दिवशी दुपारी मी पाण्याच्या मोटारीचं विचारायला म्हणून खाली उतरले. दार लोटलेलं होतं. आतून बोलण्याचा आवाज येत होता, एक पुरुषाचा, एक बाईचा. पाहुणे आले असावेत म्हणून मी पायरीवरच थांबले.

दाराच्या फटीतून पाहिलं तर आत कुणी पाहुणे नव्हते. टीव्ही चालू होता, आवाज बंद करून. पडद्यावर भांडणाऱ्या त्या दोन भावांचे म्हातारे आईबाप चुलीपाशी बसले होते. म्हातारीचे ओठ हलत आणि त्यावर सेतुमाधवराव बारीक, मऊ आवाजात बोलत, तंजावूरच्या मराठीत. सैपाक निवतो, ऊठ, जेवूनु घे. म्हाताऱ्याचे ओठ हलले की स्वतःच्या आवाजात उत्तर देत. शेताचं, वकिलाचं, विषाचं त्यात काही नव्हतं. आंबट वरण चांगलं झालंय, मुलाचा फोन आला होता, गुडघा आज कमी दुखतोय, एवढंच.

मी परत फिरणार होते, पण पायरी वाजली. त्यांनी मान वळवली. लाजले नाहीत. शेजारची खुर्ची हाताने पुढे सरकवली. पडद्यावर दार उघडून थोरली सून आत येत होती.

"हिचं तुम्ही बोला," ते म्हणाले. "मला येवढ्या बायका जमत नाहींत."

काय बोलू, असं मी विचारलं.

"घरांत आलीये. आपलीं माणसं आहेत. काय येईल तें बोला."

त्या सुनेच्या केसांतून पाणी निथळत होतं, मागे धो धो पाऊस दिसत होता. पण मी आताच जिन्याच्या तापलेल्या पायऱ्या उतरून आले होते आणि तोंडात आलं तेच बोलून गेले, "काय ऊन आहे हो बाहेर."

सेतुमाधवरावांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हातारीचे ओठ हलले.

"ये, बैस," ते तिच्या आवाजात म्हणाले. "ताक देतें, पिऊनु घे."