घास हातात असेल तरच

आप्पांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नमस्कार केला नाही की नाव विचारलं नाही. हातातली छडी माझ्या नाकासमोर धरली आणि म्हणाले, "नाक आत."

माझा मास्क नाकाखाली घसरला होता, एवढाच माझा गुन्हा. आप्पा सिडकोतल्या एका मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक आणि मी लग्नाचे फोटो काढणारा. कोरोनाची मोठी लाट नुकतीच ओसरली होती. लग्नाला मोजकी माणसं आणि बंद हॉलमध्ये मास्क सक्तीचा, असे ते दिवस. नियम सगळ्याच कार्यालयांना होता, पण इतर ठिकाणी तो दारावर चिकटवलेला कागद होता. इथे तो छडी घेऊन फिरत होता.

दारावर आंब्याच्या पानांचं तोरण, आणि त्याच्या खाली आप्पांनी स्वतः ओवलेलं कोऱ्या मास्कचं तोरण. उघड्या तोंडाचा पाहुणा दिसला की आप्पा त्यातला एक मास्क तोडत, अक्षतांच्या ताटात ठेवत आणि ताट पुढे करत. एका आत्याबाईंनी तो मानपानातला समजून पर्समध्ये टाकला.

"ताई, अक्षता डोक्यावर, हा तोंडावर," आप्पा म्हणाले आणि मास्क बाहेर येईपर्यंत पर्सकडे बघत उभे राहिले.

आता माझी पंचाईत बघा. मी चेहऱ्यांवर पोट भरणारा माणूस. स्टेजवर नवरा-नवरी जरीकाठाचे मास्क लावून उभी, मागे सगळ्या मावश्या-काकवांची तोंडं बांधलेली. असला फोटो कुणाच्याही लग्नाचा म्हणून खपून जाईल. मी रोज विनवायचो, "आप्पा, एका फोटोपुरता उतरवू द्या हो."

"आधी उतरवतील फोटोपुरता, मग बोलण्यापुरता," आप्पा म्हणायचे. "हॉल बंद आहे, फोटोवाले. नाक आत."

सूट फक्त पंगतीत, आणि तिथेही आप्पांचा पोटनियम होता: घास हातात असेल तरच मास्क खाली. रिकाम्या हाताने गप्पा मारत बसलेला दिसला की छडी हजर. मग मीही कॅमेरा घेऊन पंगतीतच ठाण मांडलं. त्या काळातले माझे अल्बम उघडा, सगळी माणसं जिलबी खाताना सापडतील. एका नवरदेवाचा दिवाणखान्यात लावलेला मोठा फोटो आहे, त्यात त्याच्या हातात अर्धी पुरी आहे.

पण सगळंच हसण्यावारी जात नव्हतं. एकदा सायखेड्याचं वऱ्हाड आलं. मुहूर्त तोंडावर आलेला, आणि मुलीला बोहल्यावर न्यायला आलेल्या मामांनी मास्क लावायला साफ नकार दिला.

"आमी काय चोर हाय का, तोंड बांधून फिराया? लय झालं तुमचं!"

आप्पा दारात आडवे झाले. आतून गुरुजी माईकवर मामांना हाका मारत होते. नवरी पाटावर बसून रडायच्या बेतात. दोघा-तिघांनी बाह्या सरसावल्या, एकाने आप्पांची कॉलर धरली. मला वाटलं, आज हा माणूस मार खातो.

"मुलगी तुमची, मुहूर्त तुमचा," ते म्हणाले. "नाक आत घ्या, मी बाजूला होतो."

तेवढ्यात स्वयंपाकघराकडून काकू आल्या. काकू म्हणजे आप्पांची बायको. मास्कमधून धाप ऐकू येत होती.

"दादा, मी हार्टची पेशंट आहे," त्या मामांना म्हणाल्या. "आमची खोली इथेच, स्वयंपाकघराच्या मागं. रोज या गर्दीतून हे माझ्याकडेच येतात. म्हणून यांचं हे असं चाललंय. तुमची बहीण समजा आणि लावा."

मामांनी कॉलर धरणाऱ्याला मागे ओढलं, ताटातला मास्क उचलला आणि लावला. आप्पांनी तशातही तो नाकावर नीट बसलाय का ते पाहिलंच. माझा त्यांच्यावरचा राग त्या दिवशी कमी झाला. थोडासाच, कारण फोटो त्याही लग्नाचे वायाच गेले होते.

पुढे आप्पांच्या मुलीचं, वैशालीचं लग्न ठरलं. मुलगा अंबडला कंपनीत, हॉल अर्थातच तोच आणि फोटोवाला मी. काकू डाळिंबी पैठणी नेसून उभ्या होत्या. घरच्यांचा फोटो घ्यायची वेळ आली तेव्हा वैशाली म्हणाली, "आप्पा, एकच फोटो बिनमास्कचा घेऊ या. आईचा चेहरा दिसू दे ना."

"नाही."

"आईचा धड एक फोटो नाही घरात!"

"लोकांच्या पोरींना नाही म्हणालो, आता माझ्या पोरीला कोणत्या तोंडानं हो म्हणू?"

व्याही मान फिरवून पंख्याकडे बघायला लागले. मी बटण दाबलं. त्या फोटोत सगळ्यांचे मास्क आहेत आणि वैशालीचे डोळे भरलेले आहेत. मला आप्पांची छडी हिसकावून मोडून टाकावीशी वाटली होती.

आप्पा लगेच दाराकडे गेले, कारण कुणाचं तरी उघडं नाक हॉलमध्ये शिरलं होतं. तेवढ्यात काकू माझ्याजवळ सरकल्या. जवळच्या ताटातला बुंदीचा लाडू उचलला, दाराकडे एकदा बघितलं आणि मास्क हनुवटीखाली ओढला.

"घास हातात आहे ना माझ्या? काढ लवकर."

आणि हसल्या. मी एकच फोटो काढला. मास्क पुन्हा वर चढवत त्या म्हणाल्या, "यांना सांगू नकोस हं. म्हणतील, हीसुद्धा माझं ऐकत नाही."

मी नाही सांगितलं. वैशालीच्या अल्बमातही तो फोटो घातला नाही.

यथावकाश नियम उठला, मास्कचं तोरण उतरलं. आणि नंतरच्या थंडीत काकू गेल्या. कोरोना नाही, काही नाही, हृदयानेच दगा दिला. मी भेटायला गेलो तर भिंतीवर त्यांचा लग्नाआधीचा पिवळा पडलेला फोटो होता. ओळखूसुद्धा येत नव्हता. काकूंचा चेहरा माझ्याकडे होता आणि मला तोंड उघडता येईना. ज्या बाईसाठी आप्पांनी जगाशी वैर घेतलं, तिनेच पाठ फिरताच मास्क उतरवला, हे त्या दिवशी त्यांना कसं सांगायचं? चहा घेऊन मी तसाच परत आलो.

काही दिवसांनी आप्पाच माझ्या दुकानात आले. हातात छडी नव्हती. खुर्चीवर बसून बराच वेळ समोरच्या फ्रेमा बघत राहिले.

"फोटोवाले, वैशूच्या लग्नातला हिचा एखादा... चेहरा दिसेल असा..." ते थांबले. "नसेलच. मीच काढू दिला नाही."

आता गप्प बसणं मला जमलं नाही. कॉम्प्युटर सुरू केला आणि तो फोटो उघडला. पडद्यावर काकू आल्या, हसऱ्या, डाळिंबी पैठणीतल्या. आप्पा हलेनात. मला भीती वाटायला लागली.

"आप्पा, तुम्ही तेव्हा दाराशी होतात. त्यांनीच मला..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. पुढे वाकले आणि पडद्यावर बोट ठेवलं. चेहऱ्यावर नाही, काकूंच्या हातावर.

"हातात लाडू आहे."

"हो, आप्पा."

"मग नियमात आहे," ते म्हणाले, आणि त्यांना रडू कोसळलं. मी उठून दुकानाचं दार लोटून घेतलं.

जाताना रुमालाने तोंड पुसून ते दारात थांबले.

"मोठा करून द्या, भिंतीवर लावायचाय. आणि नुसता चेहरा कापून घेऊ नका. लाडू दिसला पाहिजे."