दांडी, रोहित पक्षी आणि अळणी भरीत

साक्रीकडच्या एका ग्रामपंचायतीला १९९३ साली वरून आदेश आला: महिला सदस्यांनी राजकीय इतिहास व वन्यजीव यांचे समुद्रकिनारी एकदिवसीय अवलोकन करावे. स्थळ दांडी. इतिहास मिठाच्या सत्याग्रहाचा आणि वन्यजीव म्हणजे रोहित पक्षी.

महिला सदस्य तीन. साहजिकच त्यांचे तिन्ही नवरे निघाले. बायकोच्या खुर्चीवर बसून बसून पंचायतीचा सगळा अनुभव त्यांच्याच गाठीला होता. सदस्य ताईबाईच्या नवऱ्याला, निंबाभाऊंना, तर अख्खं गाव 'मेंबर' म्हणायचं. सरपंच आणि ग्रामसेवक तर होतेच. आता बायकांना न्यावं की नाही?

"सह्यांपुरत्या लागतील," ग्रामसेवक छगनराव म्हणाले. "शिवाय भरीत कोण करणार?"

हा मुद्दा बिनविरोध मंजूर झाला.

ताईबाईची हौस मात्र वेगळी होती. चाळिशी उलटली, तरी पांझरेच्या पुरापेक्षा मोठं पाणी तिनं पाहिलं नव्हतं. एकदा समुद्र डोळे भरून पाहायचा, बस्स! म्हणून पहाटे ती वांग्यांच्या पाटीशेजारी मागच्या सीटवर मुकाट बसली.

दांडीला कामाची वाटणी झाली. पुरुषांनी अवलोकन करायचं, बायकांनी कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजायची. सुरूच्या झाडांपलीकडे समुद्र गाजत होता आणि अलीकडे ताईबाईच्या डोळ्यांत धूर जात होता. छगनरावांनी सत्याग्रहाचा इतिहास वाचला. मग शाल-नारळ निघाले. सरपंचांनी निंबाभाऊंचा सत्कार केला, निंबाभाऊंनी सरपंचांचा केला, आणि उत्तर देताना दोघांनाही गहिवरून आलं. वन्यजीवांची बाब समोरच्या कावळ्यावर भागवण्यात आली.

"ओ, जरासा समुद्र दखी येऊ का?" ताईबाईनं विचारलं.

"जेवन झायं का लगेच निघनं शे," निंबाभाऊ म्हणाले. "आनि समुद्रमा काय शे? पानीच ना!"

ताईबाई वांगी सोलू लागली. एवढ्या लांब येऊन नुसता आवाजच ऐकायचा?

पानं वाढली. निंबाभाऊंनी घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "मीठ कोठे शे?"

मीठ होतं. सत्कारापासून निंबाभाऊ ज्या पत्र्याच्या डब्यावर अध्यक्ष म्हणून बसले होते, त्यातच होतं. ताईबाईनं डब्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं.

"घरच ऱ्हायी गयं," ती म्हणाली. "आम्ही लई येतस. आतेच वाचं ना तुम्ही, आठनं मीठ मोठं गाजेल शे!"

तिघी सदस्या मीठ आणायला निघाल्या. झाडं संपली, समुद्र दिसला आणि ताईबाई मटकन वाळूतच बसली. बाई गं, केवढं हे! ओहोटीच्या चिखलात लांब पायांचे गुलाबी पक्षी निवांत जेवत होते. नर-मादी शेजारी शेजारी. कुणी कुणाला वाढत नव्हतं.

"हाई बठ्ठं पानी कोनं शे वं?" समुद्रावरून हात फिरवत दुसरी सदस्य यशोदाबाई म्हणाली.

"कोनंच नही," ताईबाई म्हणाली.

"मंग आपला सरपंचनी आजून सोताना नावे कसं करं नही?"

तिघी हसून हसून लोळल्या.

इकडे भरीत निवलं. भुकेनं कासावीस झालेल्या पुरुषांनी तातडीची सभा घेऊन मीठ शोध उपसमिती नेमली, अध्यक्ष अर्थातच निंबाभाऊ. उपसमितीनं प्रत्येक डबा उघडून वास घेतला. हळद सापडली, तिखट सापडलं, धनेसुद्धा सापडले. अध्यक्षांखालचा डबा तेवढा राहिला, कारण अध्यक्षांना ऊठ म्हणायचं कुणी? शेवटी मीठ उपलब्ध नसल्याचा ठराव झाला. जिथं मूठभर मिठानं सरकार हादरलं होतं, तिथं ही मंडळी अळण्या भरितासमोर हात धुऊन बसली.

उन्हं कलल्यावर तिघी परतल्या, लुगड्यांचे काठ ओले करून.

"उठा जरा," ताईबाई म्हणाली. निंबाभाऊ उठले. तिनं डबा उघडला आणि भरितावर मीठ टाकलं.

"हाई कव्हयपासून आठे शे?"

"सकायपासून. तुम्हीच बसेल व्हतात ना त्यावर."

हसलात ना, वाचकहो? खुशाल हसा. फक्त जागेवरून न उठता एवढं सांगा: तुमच्या घरात मीठ कोणत्या डब्यात असतं? आणि स्वयंपाकघराकडे पाहून "अगं, ऐकलंस का?" अशी हाक मारायची नाही.