गोणीवाला फितूर जाहला त्याची हकीकत

आधी विघ्नहर्त्यास आणि मागाहून वाडीच्या बांधावरील मुंजोबास नमन करोन ही हकीकत लिहिली असे. ऐकिले ते गाळून घेतले, पाहिले ते वाढविले नाही, आणि ज्यांची नावे यात येतात ती माणसे हल्ली खुशाल असून आपापल्या कामास लागली आहेत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, वैशाख मासी, उन्हाने मुलूख भाजून निघाला असता, वाशीम प्रांती मंगरूळपीर कसब्याबाहेरील एका भाजीवाडीत जे घनघोर युद्ध जाहले आणि ज्यात तीन पिढ्यांची दहशत बुडाली, त्याचे वर्तमान येणेप्रमाणे.

सदरहू वाडीत मातोश्री जिजाबाईसाहेबांचा अंमल होता. वय बासष्ट, अंग थोराड, आणि आवाज ऐसा की मांडवाखालून हाक मारिली तर रस्त्यावरच्या एसटीने वेग कमी करावा. यजमान उत्तमराव दोडक्या-कारल्याचे मांडव सांभाळीत आणि उरले वेळी बायकोची आज्ञा सांभाळीत. पुत्र हर्षल पहाटे माल घेऊन बाजारी जात, सून शुभांगी घर आणि तोडणी दोन्ही पाहत, आणि नात सुचिता, वय वर्षे साडेपाच, ही सर्व रयतेत एकटीच बंडखोर निघाली. पोळी खाई, आंबा मागून खाई, परंतु घरच्याच मांडवावरचा दोडका ताटात उतरताच तोंडाचा दरवाजा लावून आतून अडसर घाली.

हे बंड मोडण्यास मातोश्रींचे पदरी एक जबर सरदार होता. त्याचे नाव गोणीवाला. अंगणापलीकडे पत्र्याची बारदानाची खोली, तीत माल भरावयाच्या रिकाम्या गोण्या छपरापावेतो रचिलेल्या, तेथे त्याचे ठाणे. न जेवणारी लेकरे गोणीत घालून नेतो एवढीच त्याची ख्याती. त्यास कोणी कधी पाहिले नव्हते, आणि तेच त्याचे बळ. मातोश्री नुसती मान त्या खोलीकडे वळवून "येऊ का म्हून राह्यला तो" ऐसे बोलत, आणि दोडका मुकाट घशाखाली उतरे. खुद्द हर्षल याच दहशतीवर वाढले आणि पहिलवानासारखे भरले. तेव्हां शस्त्र नामी, यात संशय नव्हता.

मग शाळांस सुट्या लागल्या. दुपारी बाहेर पाऊल टाकवेना, घरात पोर आवरेना, म्हणोन शुभांगीबाईंनी टीव्हीवर एक सिनेमा लावून दिला. हा सिनेमा नटांनी केलेला नव्हे. संगणकावर माणसे घडविली, झाडे घडविली, आणि एक राक्षसही घडविला होता. त्याचे नाव झिपरू. उंची दोन मजले, अंगभर जांभळी झिपरी लोकर, पाठीवर शिंगांची रांग, आणि ती लोकर वाऱ्याने ऐसी हाले की केस अन् केस मोजून घ्यावा. हा झिपरू लेकरांचे हसणे ऐकोन डोंगर उतरून गावात येतो, आणि त्यास लेकरे जवळ आली की शिंक येते, आणि शिंकेसरशी घरांची कौले उडतात, म्हणोन गाव काठ्या घेऊन त्याचे पाठीस लागतो. सुचिताबाईंनी हा सिनेमा पहिले दिवशी दोन वेळा पाहिला, आठवड्यात अकरा वेळा, आणि कौले उडाली की स्वतःही उडत.

मातोश्रींनी या गोष्टीची दखल घेतली नाही. चित्रातला राक्षस वाडीत येऊन काय करणार, ऐसा त्यांचा अंदाज. येथेच घात जाहला.

वैशाख वद्य पंचमीस, दोन प्रहरी, ताटात दोडका पडला आणि नेहमीप्रमाणे अडसर लागला. मातोश्रींनी मान वळविली आणि सरदारास पाचारण केले.

"येऊ का म्हून राह्यला तो."

सुचिताबाईंनी डोळे मोठे केले. मग हसल्या आणि म्हणाल्या, "येऊ दे ना व आजी! त्याले भूक लागली असन."

आणि एवढ्यावर न थांबता उठल्या, फळीवरून एक थाळी काढिली, आपल्या शेजारी मांडिली, तांब्याभर पाणी ठेविले, आणि खोलीकडे तोंड करोन ललकारी दिली, "गोणीवाल्या, ये! दोडके हायेत! सारे तुलेच देतो!"

शुभांगीबाईंना हसू फुटले ते त्यांनी पदरात दाबिले. मातोश्री मात्र हातातला घास हातात धरून राहिल्या. चाळीस वर्षांचे शस्त्र एका थाळीने मोडिले, ऐसे त्यांस वाटले, आणि त्या दिवशीचा दोडका गोठ्यातल्या म्हशीने नेला.

मग मातोश्रींनी कडक उपाय योजिले. रिमोट जप्त करोन तुरीच्या डाळीच्या डब्यात पुरिला. परंतु शत्रू चतुर; तोच झिपरू संध्याकाळी हर्षलच्या मोबाइलवर हजर. मोबाइल उचलून ठेविला तर पोरीस सगळा सिनेमा पाठ. ती मांडवाखाली उभी राहून स्वतःच झिपरू होई आणि शिंके. तेव्हां मातोश्रींनी उत्तमरावांस ओट्यावर बोलावून खलबत केले. मसलत ऐसी ठरली की गोणीवाल्याने खासा स्वारी करावी.

"म्हंजे मी?" उत्तमराव बोलिले.

"मंग का मी?"

"आवं, या वयात मी गोनीत घुसू?"

"नुसतं डोक्यावर घ्याचं. अन् गरजाचं. पोरगी भ्याली पायजे बस."

हुकूम तो हुकूम. दुसरे दिवशी उत्तमरावांनी तोंडास तव्याची काजळी फासिली, कांद्याची गोणी डोक्यावरून कमरेपावेतो ओढिली, पाहावयास दोन भोके पाडिली, आणि ऐन जेवणाचे वेळी अंगण ओलांडून चाल केली. गोणीत मुंग्या होत्या त्या मानेस लागल्या, म्हणोन गर्जना ठरली होती त्याहून खरी निघाली. मातोश्री माजघराच्या दाराआड दबा धरून बसल्या होत्या. त्यांस आपली फत्ते समोर दिसत होती.

सुचिताबाई उठल्या. मागे सरल्या नाहीत. पुढे जाऊन त्यांनी गोणीचा हात धरिला आणि त्याचे नावे आजही मांडिलेल्या थाळीपाशी आणून बसविले.

"घाबरू नको," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आजी लय वरडते. तिले सारे भेतात. पन तू भिऊ नको, मी हाये न."

मग त्यांनी आपल्या ताटातला सर्व दोडका त्याच्या थाळीत ओतिला, गोणी नाकापावेतो वर सारिली, आणि आपल्या हाताने घास भरविला. आता, उत्तमराव तीस वर्षे दोडका पिकवीत आले, परंतु खात नसत. लग्नाआधी एकदा खाल्ला होता आणि मग देवाची शपथ घेतली होती. तरी त्यांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, थाळी चाटून पुसून मोकळी केली, आणि उठतेवेळी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

गोठ्यापाशी मातोश्रींनी त्यांस गाठिले.

"तुमी फितूर झाले!"

"तिनं भरवलं," उत्तमराव मानेवरच्या मुंग्या झाडीत म्हणाले, "मंग नाई कसं म्हनू?"

मातोश्री पदर खोचून घरात परतल्या. फितुरीचा राग त्यांस होताच, परंतु दुसरेच शल्य काळजात रुतले होते. तिले सारे भेतात. त्यांनी आजवर समजूत अशी धरिली होती की पोर भिते ते गोणीवाल्यास, आणि आपण तर पोटाशी धरणाऱ्या. हिशेब उलटा निघाला. राक्षसास पोरगी धीर देत होती, तो आजीपासून.

दुसरे दिवशी दुपारी शुभांगीबाई तोडलेल्या भाजीवर ओले फडके घालावयास गेल्या, उत्तमराव बाजेवर पडले, तेव्हां मातोश्रींनी डाळीच्या डब्यातून रिमोट उकरून काढिला, त्यावरची डाळीची भुकटी पदराने पुसिली, आणि नातीस म्हणाल्या, "लाव तुया तो राक्षस. पाच मिनिटं पायतो, काय हाये त्याच्यात." शत्रूचे बळ पाहून घ्यावे एवढाच इरादा.

पाच मिनिटांचे दीड तास जाहले. आधी त्या कुरकुरत होत्या. एवढे थोराड आणि रडते काहून, ऐसे दोन वेळा विचारिले. मग झिपरू शाळेच्या भिंतीबाहेर येऊन बसला. भिंतीपलीकडे लेकरे खेळत होती. आपण दिसलो तर ती पळतील, म्हणोन त्याने गुडघे पोटाशी घेतले, शिंगे खाली दाबिली, लोकर आवळून धरिली, आणि दोन मजल्यांचा राक्षस जमेल तितका लहान होऊन बसला. कोणी बोलले नाही, गाणे नाही, काही नाही. मातोश्रींनी पदर डोळ्यांस लाविला.

"आजी, रडू नको," सुचिताबाई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या. "आता ती पोरगी येते अन् त्याले अर्दी भाकर देते."

तैसेच जाहले.

सिनेमा संपला. मग सुचिताबाईंनी विचारिले, "आजी, खरा गोणीवाला खोलीतच हाये न?"

"खरा म्हंजे? काल जेवून गेला न तो."

"तो तं आबा होता. आबासारखा खोकत होता." पोरीने हे सांगताना जराही विजय दाखविला नाही. "खरा बाहीर नाई येत. लाजते. आपन त्याले बलावू जेवाले. चाल."

येथे एक गुपित उघड करणे प्राप्त आहे, जे यजमानांसही ठाऊक नव्हते. गोणीवाला मातोश्रींनी रचिलेला नव्हता. तो त्यांच्या माहेरचा, रिठदचा. पाच वर्षांच्या असता त्यांच्या आजीने तो त्यांच्यावर घातला, आणि लग्नात भांड्यांबरोबर तो मुकाट सासरी आला. चाळीस वर्षांत मातोश्रींनी बारदानाच्या खोलीत पाऊल ठेविले नव्हते. गोणी लागली की हुकूम सुटे आणि कोणीतरी आणून देई, आणि लोक म्हणत, काय जरब आहे बाईची.

मातोश्री खोलीच्या दारापावेतो आल्या आणि थांबल्या.

"काहून थांबली?"

"मले भेव लागते, बाई," मातोश्री म्हणाल्या. हे शब्द त्यांच्या तोंडून प्रथमच निघाले, आणि निघाल्यावर त्यांस स्वतःसच नवल वाटले.

सुचिताबाईंनी क्षणभर आजीकडे वर पाहिले. मग आपला हात पुढे केला. "माया हात धर. मले नाई लागत."

दार ढकलिले. आत तागाचा वास, कोंडलेली उष्णता, आणि पत्र्याच्या भोकातून उतरलेली उन्हाची एक काठी. गोण्या. मागे गोण्या. त्यांमागे भिंत. मातोश्रींनी कोपरा अन् कोपरा पाहिला, आणि मग एका थप्पीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि त्यांचा श्वास हळूहळू ठिकाणावर आला.

"ये जेवाले!" सुचिताबाईंनी हाक दिली. उत्तर आले नाही. त्यांनी कान देऊन ऐकिले. "झोपला असन. त्याची भाकर झाकून ठू. आपन जेवून घेऊ, मंग तो लाजनार नाई."

येणेप्रमाणे तह ठरला. दोघी ओट्यावर बसल्या. दोडक्याची एक वाटी गोणीवाल्याचे नावे झाकून ठेविली, दुसरी सुचिताबाईंच्या ताटात पडली. मातोश्रींनी मान वळविली नाही, आवाज चढविला नाही, नुसत्या आपल्या ताटातले खात राहिल्या. सुचिताबाईंनी एक फोड उचलिली, वास घेतला, तोंड वाकडे केले, आणि खाल्ली. मग दुसरी. अर्धी वाटी संपली, आणि त्या म्हणाल्या, "बस. एवढाच." मातोश्री बोलिल्या, "बस तं बस."

सदरहू युद्धाची फत्ते उत्तमरावांच्या साक्षीने मातोश्री जिजाबाईसाहेबांचे नावे नोंदली असे, कारण अर्धी का होईना, वाटी रिकामी जाहली. झिपरूस वाडीत येण्याजाण्याची मुभा दिली. गोणीवाल्यास लेकरांवरील मुलूखगिरीतून मुक्त करोन त्याची खोली त्यास वंशपरंपरेने बहाल केली. झाकलेली वाटी कोणी खाल्ली याचा तपास सरकारातून होणार नाही, हेही ठरले. आणि त्या दिवसापासून गोणी लागल्यास मातोश्री खासा आणावयास जातात, आणि दार ढकलण्याआधी बाहेर उभ्या राहून दोन वेळ खाकरतात; आतला निजला असल्यास एकाएकी दचकू नये म्हणोन.