बालवर्गाची हवा नापास!

हवा तपासावी तर मीच! बारा वर्षांत माझ्या रिपोर्टवर कोणी बोट ठेवलेलं नाही. म्हणून बालवर्गाच्या छतातले ॲस्बेस्टॉसचे पत्रे काढून झाले, तेव्हा मी मुख्याध्यापिकाबाईंना छातीठोकपणे म्हणालो, "आज रिपोर्ट, उद्या सकाळी मुलं वर्गात!"

"देव तुमचं भलं करो!" बाई म्हणाल्या. महिनाभर तीस चिमुरडी जिन्याखाली दाटीवाटीने बसत होती.

ॲस्बेस्टॉसचे बारीक तंतू फुप्फुसांत गेले की घातक, पण ते तपासायची आमची पद्धत ऐकून लोक हसतात. बंद खोलीत मुद्दाम झाडू मारायचा, दडलेली धूळ उठवायची, पंपाने ती हवा फिल्टरमधून ओढायची आणि फिल्टरवरचे तंतू मायक्रोस्कोपखाली मोजायचे. बारीक, लांबट तंतू दिसला की मोजायचा, त्याची जात विचारायची नाही! खास या कामासाठी मी नवेकोरे, मऊ लुसलुशीत झाडू आणले होते.

मोजले. अबब! नापास!

"पुन्हा पुसा," मी पत्रे काढणाऱ्या मुकादमाला म्हणालो. त्याची चार माणसं मास्क लावून, गुडघे टेकून भिंती पुसू लागली. पुन्हा झाडू, पुन्हा पंप. आकडा आधीपेक्षा मोठा! तिसऱ्यांदा तर कहरच झाला.

"कामचुकारपणा करता तुम्ही!" मी खेकसलो.

मुकादम माझ्याकडे वळला. "साहेब, माझी पोरगी याच वर्गात आहे. मी कामचुकारपणा करीन?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो माझ्या गाडीपाशी गेला, तसलाच दुसरा झाडू काढला आणि आपल्या काळ्या पँटवर घासला. झाडूतून गळलेल्या बारीक तंतूंनी पँट पांढरीफटक!

अहो, घाण मीच करत होतो!

मग त्याचा जुना खरखरीत झाडू धुऊन घेतला, खोली चौथ्यांदा पुसली, हवा पुन्हा ओढली. पास!

बाई धावत आल्या. "एवढा वेळ का लागला हो?"

मी कबुलीसाठी तोंड उघडलं, तर मुकादमाने माझ्या पायावर पाय दिला. "साहेब फार काटेकोर आहेत, बाई. खोली चारदा पुसून घेतली. पोरं बिनघोर बसतील आता."

बाईंचे डोळे भरून आले. "माणूस असावा तर असा! उरलेल्या सातही वर्गांचे पत्रे निघाले की तपासणी तुम्हीच करायची!"

हे ऐकलं आणि मुकादमाची चारही माणसं जिथल्या तिथे मटकन खाली बसली. त्यातला एकही माझ्याकडे बघेना.