लागरची हरकत

नाशिकच्या स्पर्धेत बाद झालेल्या एका हलक्या लागर बिअरने निकालावर हरकत घेतली आणि उरलेल्या अर्ध्या ग्लासात, फेस बसू न देता, ती सुनावणीची वाट पाहत राहिली. फेस बसला की हरकत रद्द होते, असा नियम आहे.

परीक्षक होत्या वैजयंती करंजकर. इतकी वर्षं बिअर चाखूनही दिलेला शेरा त्यांनी कधी बदलला नव्हता. या लागरला त्यांनी एकच शब्द दिला होता: पाणी. स्पर्धेचे प्रमुख दाभाडे म्हणाले, उद्यापर्यंत बसेल फेस, तुम्ही येऊ नका. फेस बसला नाही. मग बाईंना यावंच लागलं.

सुनावणीत लागर शांतपणे बोलली. पाणी म्हटल्याचा तिला राग नव्हता. पण तिच्या आधी बाईंनी दाट काळी बिअर चाखली होती आणि मध्ये चूळ भरली नव्हती, एवढंच तिचं म्हणणं. बाईंनी आठवून पाहिलं आणि ते कबूल केलं. दाभाड्यांनी उत्तेजनार्थ बक्षीस देऊन विषय मिटवायला सुचवलं. दोघींनीही नकार दिला.

"बक्षीस नको," लागर म्हणाली. "चव घ्या."

बाईंनी चूळ भरली, कोरडा पाव चावला, पुन्हा चूळ भरली. पहिल्या घोटात काहीच लागलं नाही, तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दुसऱ्यात काहीतरी होतं, पण ओळखेपर्यंत निघून गेलं. आता तळाशी एकच घोट होता. बाईंनी ग्लास खाली ठेवला. हा घेतला तर तुम्ही उरणार नाही, असं त्या म्हणाल्या.

"मी ग्लासात म्हातारी व्हायला आले नाही," लागर म्हणाली. "प्या. फक्त गिळायची घाई करू नका."

बाईंनी डोळे मिटून घोट तोंडात धरला. दाभाडेही हलले नाहीत. बऱ्याच वेळाने गिळून त्या म्हणाल्या, "भाताची पेज. आणि अगदी शेवटी काकडीच्या देठाचा कडूपणा." मग त्यांनी जुना शेरा स्वतःच्या हाताने खोडला.

निकाल हरकत घेणाऱ्यासमोर वाचायचा असतो. दाभाडे खुर्ची ओढून बाईंसमोर बसले, किंचित वाकले आणि बाईंच्या पोटाकडे बघत त्यांनी सावकाश वाचलं: हलकी आहे, पाणी नव्हे. यावर काही म्हणणं आहे का, असंही विचारलं.

थोड्या वेळाने बाईंना एक लहानसा ढेकर आला.

दाभाड्यांनी 'मान्य' असं लिहून घेतलं.