हुआंगसाहेबांची पोरगी

मुलांनो, एका सुट्टीत शाहूपुरीच्या चौकातला डिजिटल बोर्ड पाहून तुम्ही दोघे पोट धरून हसला होतात, आठवतं? पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या गर्दीत गोल्फची काठी घेतलेली एक तैवानी मुलगी, आणि खाली ‘समस्त कोल्हापूरकरांतर्फे हार्दिक अभिनंदन’. समस्त कोल्हापूरकर म्हणजे आपले शेजारी, एकटे बसाप्पा.

मुलगी स्पर्धा जिंकली नव्हती, अठ्ठाविसावी आली होती. मी तसं म्हटलं, तर बसाप्पा म्हणाले, “निम्मी दोन दिसांत घरला गेली, वैनी. ही शेवटपतूर टिकली की.”

गोल्फ त्यांना कुस्तीच्याच भाषेत कळे. टीव्हीवर ती चेंडूमागे सावकाश चालू लागली, की तिला खुराक कमी पडतो म्हणून ते हळहळत. एकदा सगळी स्पर्धा पाहून झाल्यावर त्यांनी मला गंभीरपणे विचारलं, की यात चीत कोण झालं?

नव्वदच्या दशकात त्यांच्या शिरोलीच्या कारखान्यात तैवानहून यंत्र आलं होतं. ते बसवायला आलेले हुआंगसाहेब महिनाभर बसाप्पांकडेच राहिले. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. संध्याकाळी दोघे पायरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत. हुआंगसाहेब पाकिटातून मुलीचा फोटो काढून दाखवत. काठी तिच्याहून उंच. हीच मुलगी पुढे व्यावसायिक खेळाडू झाली.

बसाप्पांना इंग्रजी वाचता येत नसे. रोज सकाळी ते आमच्याकडे येत. “वैनी, पोरगी हाय का बघा की.” मी क्रीडापानाच्या तळाची बारीक अक्षरं वाचून दाखवी. नाव असलं तर चहा घेत, नसलं तर नको म्हणत.

मग तिच्या मनगटाची शस्त्रक्रिया झाल्याची बातमी आली आणि नाव दिसेनासं झालं. वर्ष होत आलं तरी बसाप्पा येतच राहिले. शेवटी मी समजावलं, की अशा दुखण्यातून सगळेच परत येत नाहीत. कोरियाच्या मुलीही छान खेळतात, त्यांचं पाहावं.

“त्यांस्नी बघाय त्यांची मानसं हाईत,” बसाप्पा म्हणाले. “हुआंगसाहेब गेले, वैनी. यंत्राच्या दुरुस्तीला दुसरा माणूस आला, तवा कळलं. बापाबिगर खेळतीया पोरगी. कुणीतरी बघाय नगो?”

त्या दिवसापासून मी पेपर मागच्या पानावरून उघडू लागले. एका सकाळी यादीत अगदी खाली तिचं नाव सापडलं, तेव्हा त्यांची वाट न पाहता मीच त्यांच्या दारात गेले. ते दाढी करत होते. नाव ऐकून वस्तरा खाली ठेवला. कितवी आली, हे त्यांनी विचारलंच नाही.

“हात दुखत न्हाय न्हवं तिचा?”

पेपरात तसं काहीच छापलेलं नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं. “अगदी बरा आहे आता.”